नातीचं संशोधन आणि नवरात्रातल्या गोळ्या

संशोधन म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं काचेच्या नळ्या आणि त्यात उकळणारं हिरवं-निळं पाणी यायचं. माझं शिक्षण सातवीपर्यंत, तेही जयसिंगपूरच्या शाळेत. पुढं जे काय शिकले ते वाचनालयाच्या पुस्तकांतून आणि वाणसामानाच्या पुड्या सोडताना हाताला लागलेल्या कागदांतून. तेव्हा माझी समजूत तसलीच असणार. त्यामुळं मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला असलेली माझी नात एक दिवस उड्या मारत घरी आली आणि म्हणाली, "आज्जी, माझा रिसर्च प्रोजेक्ट मंजूर झाला!" तेव्हा मी पहिल्यांदा काय विचारलं असेल? "घरात वास-बिस सुटणार न्हाय न्हवं?"

ती हसत सुटली. म्हणाली, "अगं, मी आपल्या पेठेतल्या बायकांचं ब्लडप्रेशर मोजणार आहे. ज्यांना डॉक्टरांनी गोळ्या चालू केल्यात त्यांचं. गोळ्या वेळेवर घेतात का, आणि घेऊन प्रेशर ताब्यात राहतं का, एवढंच बघायचं."

"हात्तिच्या! प्रेशर तर कोपऱ्यावरचा मेडिकलवाला पण मोजतो की."

बोलले मी तसं, पण तिचा चेहरा बघून लगेच जीभ आवरली. त्या कामावर त्या पोरीनं काय काय लावून ठेवलं होतं ते मला माहीत होतं. आमच्या घरात तिच्या आधी डॉक्टर कुणी नाही. माझ्या मुलाचं उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप, सून घरी शिकवण्या घेते. पोरगी मार्कांवर मेडिकलला लागली आणि पहिल्याच वर्षी एका विषयात राहिली. लेखी चांगलं गेलेलं, घोटाळा झाला तोंडी परीक्षेत. समोरच्या सरांनी विचारलं, हिला उत्तर आलं नाही, आणि "येत नाही" एवढं म्हणायचंही धाडस होईना. तोंड मिटून बसली ती बसलीच. फेरपरीक्षेत सुटली, पण तेव्हापासून तिच्या मनानं घेतलं की आपण चुकून इथं आलोय. वर्गात निम्मी पोरं डॉक्टरांच्या घरातली. ती म्हणायची, "आज्जी, बाकीच्यांना सगळं माहीत असतं. मलाच काही माहीत नसतं. उद्या पेशंट समोर बसला आणि मला कळलंच नाही तर?"

आणि आता वर्गातल्या मोजक्या पोरांत तिचा विषय निवडला गेला होता. काम नीट झालं तर पुण्याला विद्यार्थ्यांची परिषद होती, तिथं उभं राहून ते मांडायचं. तिच्या लेखी ती खरी परीक्षा होती. तिथं बोललो की आपण या डॉक्टरी कोटाच्या लायकीचे, असं तिनं ठरवूनच टाकलेलं.

पहिला पट्टा माझ्या दंडाला. मला पण प्रेशरची गोळी आहे, सकाळच्या चहाबरोबर घेते. पण मला तिच्या कामात धरणार नव्हती. म्हणाली, "तू घरातली, तुझं चालत नाही. तुझ्यावर मी फक्त हात बसवणार." म्हणजे मी सरावाची वही! मग रोज सकाळ-संध्याकाळ माझा दंड आवळायचा. खुर्चीत टेकून बस, पाय जमिनीला टेकव, एकावर एक टाकू नको, आधी पाच मिनिटं गप्प बस, मोजताना बोलू नको. बाकीचं सगळं जमलं. गप्प बसणं, तुम्हाला सांगते, फार कठीण गेलं.

तिच्या मॅडम, म्हणजे हे काम ज्यांच्या हाताखाली करायचं त्या, एकदा घरी आल्या होत्या तिचा हात बघायला. मूळच्या नेसरीकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. बोलणं सडेतोड. मी पोहे केले तर म्हणाल्या, "आज्जी, आधी काम, मग पोहे." मला पट्टा बांधून नातीनं आकडा सांगितला. मॅडमनी स्वतः परत मोजला. दोन्ही जवळपास सारखेच आले. शाबासकी बिबासकी काही नाही. फक्त म्हणाल्या, "हात बरा आहे. आता कान तयार कर." तेव्हा मला वाटलं, त्या स्टेथोस्कोपचं बोलतायत.

मग सुरू झाली तिची पेठेतली फिरती. पहिल्या दिवशी मी सोबत गेले, ओळख करून द्यायला. आमच्या कोल्हापुरात दारात आलेल्या माणसाला चहा न पाजता सोडणं म्हणजे अपमान. आणि हिच्या नियमात काय, तर मोजायच्या आधी अर्धा तास चहा नको. पहिल्याच घरात ठिणगी पडली.

"का गं, आमच्या घरचा चा चालत न्हाय व्हय तुला?"

"चालतो की मावशी, पण मला नाही, तुम्हाला नको. मोजून झालं की दोघी मिळून पिऊ."

"मग आधी सांगायचं की. ठेवलाय चुलीवर. आता काय वतून देऊ?"

पुढच्या घरी संमतीच्या कागदावर सही हवी म्हटल्यावर आतून सासूबाई ओरडल्या, "सही करू नगंस गं! घर-बिर लिहून घेत्याल." तिथं मी नसते तर पोरगी रडतच परत आली असती. पण हळूहळू तिला जमायला लागलं. कागद आधी सगळा वाचून दाखवायचा, नको असेल तर नको म्हणा असं स्वतःहून सांगायचं. सुनेला विचारलं की सासू उत्तर देते आणि सासूला विचारलं की आतल्या खोलीतून नवरा उत्तर देतो, तेव्हा कुणाला न दुखावता एकटीशी कसं बोलायचं, हे तिला कुठल्या पुस्तकानं शिकवलं असतं? महिन्याभरात पेठेत तिला सगळ्या "आमची डाक्टरीण" म्हणायला लागल्या. अजून दुसऱ्या वर्षात होती हो!

आता समोरच्या काकींचं सांगते, कारण खरी गोष्ट तिथंच घडली. काकी माझ्यापेक्षा थोड्या लहान, पण पेठेत सगळ्यांच्याच काकी. मोठा आवाज, मोठं कुंकू, आणि मन त्याहून मोठं. देवीचं सगळं कडक. नवरात्रात नऊच्या नऊ दिवस उपास. आमच्याकडं काहीजणी उठता-बसता करतात, म्हणजे पहिला आणि शेवटचा दिवस. मी त्यातली. काकी मात्र नऊ दिवस वरी, शाबू, शेंगदाणे, बटाटा आणि ताक, यांच्यावर.

पहिल्या फेरीत काकींचं प्रेशर उत्तम निघालेलं. दुसरी फेरी नवरात्राच्या शेवटच्या दिवसांत आली. नात त्यांच्याकडं गेली तेव्हा मी पण तिथंच होते, देवीपुढं ओटी घेऊन गेलेले. समोर काकींची शाबूच्या खिचडीची ताटली. हिनं पट्टा बांधला आणि आकडा बघून हिचा चेहरा उतरला. परत मोजलं. तेवढाच.

"काकी, गोळी रोज घेताय ना?"

"घेतो की. न घेऊन काय करतो?" काकी म्हणाल्या. आमच्याकडच्या बायका असंच बोलतात, घेतो, जातो. मी लिहिताना 'गेले' लिहिते, तोंडात 'गेलतो'च येतं.

नातीनं कागदावर 'हो' लिहिलं. नियमाप्रमाणं एवढा आकडा आला की माणसाला त्याच्या डॉक्टरकडं पाठवायचं, तशी चिठ्ठी दिली. काकी दुसऱ्याच दिवशी गेल्या. त्यांच्या डॉक्टरांनीही विचारलं, गोळी रोज घेता का? काकींनी तिथंही सांगितलं, घेतो. मग डॉक्टरांनी काय करावं? रोज घेऊनही चढतंय म्हटल्यावर त्यांनी गोळीची ताकद वाढवली.

असं एकट्या काकींचंच नव्हतं. कितीतरी जणींचे आकडे वर गेलेले, आणि कितीजणींचे होते तिथंच. नात संगणकावर बसून बसून डोळे लाल करून घ्यायची. यंत्र बिघडलं म्हणून कॉलेजात नेऊन तपासून आणलं, ठीक निघालं. मग मलाच पुन्हा खुर्चीत बसवलं, हात बिघडला का बघायला. तोही ठीक. शेवटी मॅडमकडं गेली. विचारलं, "मॅडम, हे वर गेलेले आकडे काढून टाकले तर चालतील का? मग बाकीचं छान जुळतंय."

मॅडम म्हणाल्या, "आकड्यांनी तुझं काय वाकडं केलंय? यंत्र बघितलंस, हात बघितलास. अजून एक गोष्ट बघायची राहिलीय." पुढं काही सांगितलं नाही. ही घरी येऊन माझ्यावर चिडली, "सांगायला काय होतंय त्यांना? अहवाल पाठवायची तारीख जवळ आली!"

तेवढ्यात दसरा झाला, सोनं वाटून झालं, काकींनी उपास सोडला, आणि काही दिवसांनी सकाळी त्या भाजी आणायला मंडईत गेल्या त्या चक्कर येऊन तिथंच पायरीवर बसल्या. कुणीतरी पाणी दिलं, रिक्षावाला घरी घेऊन आला. लागलं-बिगलं काही नाही, देवीची कृपा. पण नात धावत गेली आणि मोजलं तर प्रेशर नको तेवढं खाली. काकींच्या सुनेनं लगेच डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी वाढवलेली गोळी थांबवून बोलावून घेतलं.

पोरगी माझ्याकडं आली आणि स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडायला लागली. "मी चिठ्ठी दिली म्हणून गोळी वाढवली. माझ्यामुळं झालं. मला हे जमणार नाही आज्जी, मी इथं चुकूनच आलेय."

मला त्यातलं काय कळतंय? मी तिला पाणी दिलं आणि म्हटलं, "जा, काकींजवळ बसून ये. कागद-बिगद घेऊ नगंस."

ते मी नुसतं त्या बाईला बरं वाटावं म्हणून म्हटलं होतं, हे इथं स्पष्ट सांगते, नाहीतर तुम्ही मला शहाणी समजाल. पुढचं सगळं डोकं तिचं. मी तिच्या मागनं डब्यात भात घेऊन गेले, म्हणून मला ऐकायला मिळालं.

काकी कॉटवर उशाला टेकून बसलेल्या. नात शेजारी. तिनं कागदावरचा एकही प्रश्न विचारला नाही. म्हणाली, "काकी, नवरात्रातला एक दिवस सांगा ना मला. अष्टमीचा. उठल्यापासून."

"उठल्यापासनं? आता त्यात काय सांगायचं? उठलो. आंगुळ. देवीला माळ बांधली. मग चा घेतला. मग खिचडी टाकली. नातवाला शाळंत सोडून आलो. मग जरा पडलो. दुपारी ताक पिलो, दोन बटाटं खाल्लं. संध्याकाळी आरती. रात्री वरी आन् शेंगदाण्याची आमटी. झोपलो."

"आणि गोळी कधी?"

"गोळी? गोळी जेवल्यावरची हाय की माझी. डॉक्टरनी सांगितलंय, सकाळच्या जेवणानंतर."

"हो, पण अष्टमीला?"

"खुळी काय गं तू? उपासाला जेवतंय व्हय कोण?"

नात अगदी हळू म्हणाली, "म्हणजे नऊ दिवस गोळी नाही?"

"जेवण न्हाय तर गोळी कशी घ्यायची? पोटात अन्न न्हाय आन् गोळी घेतली तर आग नाय पडायची? आन् देवीच्या उपासात गोळ्या-बिळ्या कोण गिळतंय."

"पण मी विचारलं तेव्हा तुम्ही रोज घेतो म्हणालात!"

"मग? घेतोच की. उपास सोडून घेतो. उपासाचं काय कुणी धरतंय व्हय?"

आणि काकी एवढ्या मनापासून म्हणाल्या ना, की त्यात खोटेपणा शोधू म्हटलं तर सापडणार नाही. त्यांच्या हिशेबी त्यांनी एकही दिवस चुकवला नव्हता. देवीचे दिवस देवीचे. ते आपल्या रोजच्यात येतच नाहीत. आणि उपास सुटल्यावर मात्र वाढवलेली गोळी रोज पोटात, म्हणूनच मंडईत चक्कर आली असणार. मी डबा हातात धरून उभी, आणि मला आठवलं की तो शाबू आम्हां दोघींसमोर ताटलीत होता, आम्ही बघत होतो, आणि एकीच्याही डोक्यात आलं नाही.

नात उठली ती तडक कॉलेजात. मॅडमना सांगितलं. मॅडम म्हणे हसल्या, पहिल्यांदाच. "झाले का कान तयार?" पण हिनं जेव्हा उत्साहानं म्हटलं की गोळी चुकली म्हणूनच प्रेशर चढलं, तेव्हा त्यांनी लगेच लगाम ओढला. "एका बाईवरून? आणि त्या नऊ दिवसांत वेफर्स, खारे शेंगदाणे किती खाल्ले असतील? जागरण किती झालं असेल? 'असेल' म्हण, 'आहे' म्हणायला अजून वेळ आहे. आणि एक लक्षात ठेव, पेठेत जाऊन उपासाला गोळ्या घ्या म्हणून सांगत सुटू नकोस. कुणाला साखरेच्या गोळ्या असतील, उपाशीपोटी त्या घेतल्या तर भलतंच व्हायचं. ते ज्याच्या-त्याच्या डॉक्टरनं ठरवायचं. तुझं काम विचारायचं."

आता तिच्यापुढं पेच उभा राहिला. खरं शोधायचं तर सगळ्याजणींना नव्यानं विचारायचं. पण प्रश्न बदलायचा तर कॉलेजच्या समितीकडं पुन्हा परवानगीला जायचं, हा त्यांचा नियम. समिती बसणार दिवाळीनंतर. अहवालाची तारीख दिवाळीच्या आधी. म्हणजे पुणं हुकलं.

त्या संध्याकाळी घरात जेवताना चांगलीच जुंपली. माझा मुलगा म्हणाला, "एक प्रश्न बदलायला कमिटी? आहे ते लिव की. बाईनं व्हय म्हटलं, तू व्हय लिवलंस. यात तुझी काय चूक?"

"पप्पा, ते खरं नाही हे आता मला माहीत आहे ना."

"तुला माहीत हाय. पुण्याच्या लोकांना कुठं माहीत हाय?"

"उद्या तुमच्या वर्कशॉपला माप चुकलेला पार्ट आला आणि गिऱ्हाईकाला कळणार नाही म्हणून तुम्ही पाठवाल?"

मुलगा भाकरी मोडायचा थांबला. माझा मुलगा मापाच्या बाबतीत काय आहे ते उद्यमनगरात सगळ्यांना ठाऊक आहे. सूतभर फरक असला तरी पार्ट भंगारात टाकतो आणि दिवसभर कुणाशी बोलत नाही. सून खाली मान घालून हसली. मुलगा म्हणाला, "बापाला बोलायला शिकलीस तेवढं बरं. जा, बस त्या कमिटीच्या दारात."

तिनं मोठ्या हिमतीनं नाही म्हटलं वगैरे असं मी लिहिणार नाही. त्यानंतर दोन दिवस ती धड जेवली नाही. परिषदेच्या दिवशी वर्गातल्यांचे पुण्याचे फोटो फोनवर यायला लागले तसा तिनं फोन बंद करून माझ्या कपाटात ठेवला आणि मला म्हणाली, "मागितला तरी देऊ नकोस." पण निर्णय घेतला तो फिरवला नाही. बघा, वीस वर्षांची पोर. मी त्या वयात काय करत होते? कडेवर एक आणि पाळण्यात एक. तिच्या त्या दोन दिवसांचं मला आजही फार मोठं वाटतं, तिला मात्र ते सांगितलं की ती विषय बदलते.

परवानगी आल्यावर ती पुन्हा घरोघर गेली. आता 'रोज घेता का' असं विचारायचीच नाही. सहज बसायची, दिवस सांगा म्हणायची. उपास कुठले करता, त्या दिवशी काय खाता, गोळी कशाबरोबर घेता. बायका खुलून सांगायच्या. कुणाचा जोतिबाचा रविवार, कुणाची संकष्टी, कुणाचा शुक्रवार. एक आजीबाई तर म्हणाल्या, "माझा आठवड्यातला दोनदा उपास, त्यामुळं गोळ्यांचं पाकीट जरा जास्त पुरतं, बरं पडतं." चहाचं आता तिनं असं बसवलेलं की मोजणं आधी, मग चहा, आणि खऱ्या गप्पा चहाबरोबर. घरी आली की तिचं पोट चहानं डचमळायचं.

जे निघालं ते असं: नऊच्या नऊ दिवस उपास करणाऱ्या आणि गोळी जेवणाला बांधलेल्या बायकांचे आकडे जास्त करून चढलेले. उठता-बसता करणाऱ्यांचे फारसे नाहीत. तिनं अहवालात 'असू शकेल' असंच लिहिलं, आणि पहिला प्रश्न आपण चुकीचा विचारला होता हेही लिहिलं. आधी लिहायला लाजत होती. मॅडम म्हणाल्या, "तेच तर तुझं खरं काम आहे. बाकीचं मोजमाप कोणीही करेल." अहवाल पुढच्या साली पुरा झाला. पुण्याला नाही, कॉलेजातच एका दुपारी वाचला, समोर मोजकी माणसं. मी गेले होते, मागच्या बाकावर. एका मोठ्या डॉक्टरांनी काहीतरी अवघड विचारलं. नात म्हणाली, "सर, ते मी बघितलेलं नाही. त्यामुळं मला सांगता येणार नाही." सरांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला. झालं. जगबुडी झाली नाही. निदान त्या मॅडमच्या हाताखालचे डॉक्टर तरी तेव्हापासून गोळी लिहून देताना उपासाचं विचारतात, असं नात सांगते.

काकींचं म्हणाल तर त्या आता डॉक्टरांना विचारून सकाळच्या चहाबरोबर गोळी घेतात, नवरात्रातही. "चा उपासाला चालतोय, मग त्याच्या पाठनं गोळी बी चालंल, देवी काय एवढी कडक न्हाय," हा त्यांचा निवाडा.

लोक मला विचारतात, शिकता शिकता हे संशोधन कशाला, त्यापेक्षा अभ्यास करावा, मार्क मिळवावेत. मला वादात हरायला आवडत नाही, पण इथं माझ्याकडं शब्द कमी पडतात. म्हणून मी त्यांना पुढचं सांगते, जे मी स्वतः बघितलं.

नात शिकून बाहेर पडली, इंटर्न झाली, आणि काही दिवस तिची नेमणूक मुरगूडकडच्या एका खेड्यातल्या दवाखान्यात होती. मुरगूडला आमच्या पाहुण्यांची वास्तुशांत होती. परत येताना मुलगा म्हणाला, जाता जाता पोरीला घेऊनच जाऊ. तिचं काम संपलं नव्हतं. मुलगा गाडीत बसला, मी आत बाकावर.

समोर एक शेतकरी बसलेले, साठीचे, डोक्याला मफलर. ताप येत होता, जात होता. आधी दोन ठिकाणी दाखवून आलेले, कागदांची पिशवी सोबत. नातीनं सगळे कागद वाचले, तपासलं, आणि सरळ त्यांच्याकडं बघत म्हणाली, "काका, तुम्हाला ताप कशानं येतोय हे मला अजून कळलेलं नाही."

"आँ?" त्यांनी मफलर मागं सारला. "डाक्टरीणबाई, तुम्हास्नी ठावं न्हाय?"

"न्हाय."

बाकावर बसलेली एक बाई फिसकन हसली. "ही बरी हाय! डाक्टर म्हणतोय ठावं न्हाय, असा पैलाच बघितला."

मला वाटलं, आता पोरीचा चेहरा पडणार. पहिल्या वर्षाची ती मिटलेल्या तोंडाची पोर माझ्या डोळ्यांपुढं उभी राहिली. पण ती हसली. स्टूल जवळ ओढलं आणि म्हणाली, "कळलं नाही म्हणून तर विचारतेय. मोठ्या सरांना दाखवणारच आहे. पण काही ताप जनावरांकडनंही येतात. त्याआधी मला सांगा, घरी जनावरं कोण बघतंय?"

"मीच की. दुसरं कोण बघतंय?"

"मग सकाळपासनं सांगा. गोठ्यात गेल्यापासनं."

ते सांगायला लागले. आधी दोन शब्दांत, मग रंगात येऊन. कुठली म्हैस व्याली, कुठलीचं दिवस भरायच्या आधीच रेडकू पडलं, तिची वार-बिर कुणी काढली, दूध तापवून पितात का तसंच. नात मधे बोलत नव्हती, नुसती मान हलवत होती. एकदा त्यांना थांबवून म्हणाली, "ते म्हशीचं परत सांगा." मग उठून आत गेली, मोठ्या डॉक्टरांना घेऊन आली. दोघांनी बाजूला उभं राहून काहीतरी बोलून घेतलं, आणि रक्ताच्या तपासणीचा कागद लिहिला. पुढं त्या काकांना काय निघालं ते मला आजतागायत माहीत नाही. पेशंटचं घरी सांगायचं नसतं म्हणते, आणि मी कितीही खोदून विचारलं तरी सांगत नाही.

काका कागद घेऊन माझ्यासमोरून निघाले. मला विचारलं, "तुमची कोण ही, म्हातारबाई?"

"नात."

"दोन डाक्टर झाले. दोघांनी कागद बघितला आन् गोळ्या दिल्या. म्हशीचं कुणी इचारलं न्हवतं." त्यांनी थोडा विचार केला. "रिपोट घ्यायला सोमवारी बोलावलंय. येतो म्हणावं. नक्की येतो."

मग सदऱ्याची बाही कोपराच्या वर सारत ते रक्त द्यायला आत गेले.